वरचा, खालचा आणि मधलं घर्षण: प्रकल्प नोंदी

३ जून

आजपासून ही वही. विषय एकच: एकावर एक ठेवलेले ठोकळे आणि त्यांच्या मधलं घर्षण. उतरण, कप्पी, दोरी यायची असेल तर ती याच ठोकळ्यांच्या संगतीनं येईल.

निमित्त भाचीचं. तिनं या प्रकारची सहा उदाहरणं सोडवून आणली, त्यातली चार चुकली. चारही ठिकाणी चूक एकच आहे असा वास येत होता, पण नेमकं बोट ठेवता येईना. समजावून द्यायला बसलो आणि तिसऱ्या उदाहरणात मीही तेच करून बसलो. मग ठरवलं, आधी स्वतः नीट शिकायचं. हातानं उदाहरणं, थोडं लाकडाच्या ठोकळ्यांवर मोजमाप, आणि जमलं तर उत्तरं पडताळणारा एक छोटा प्रोग्राम.

४ जून

दर वेळी नवे आकडे नकोत म्हणून एक जोडी कायमची ठरवून टाकली. वरचा ठोकळा २ किलो, खालचा ३ किलो. दोघांमधला स्थितिक (घसरण्याआधीचा) घर्षण गुणांक, म्हणजे घर्षणाची कमाल भाराच्या किती पट, ०.४; गतिक (घसरतानाचा) ०.३. जमीन तूर्त गुळगुळीत. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १०. बलं न्यूटनमध्ये, त्वरण मीटर प्रति वर्ग सेकंदात. पुढे एककं लिहीत बसणार नाही.

वरच्याचं वजन २०. म्हणून दोघांमधल्या स्थितिक घर्षणाची कमाल ८, आणि घसरायला लागल्यावर गतिक घर्षण ६.

आता तिनं चुकवलेलं उदाहरण या जोडीवर. खालच्याला १२ नं ओढलं, दोघांची त्वरणं काढा. तिनं घर्षण सरळ ८ धरलं. वरच्याचं त्वरण ८ ÷ २ = ४. खालच्याचं (१२ − ८) ÷ ३ = १.३३. आकडेमोडीत खोट नाही. अर्थ मात्र असा निघतो की ओढलं खालच्याला आणि पुढे पळाला वरचा! गाडीनं वेग घेतला आणि टपावरची पेटी गाडीलाच मागे टाकून गेली, असा प्रकार.

८ ही कमाल आहे. घर्षण लागेल तेवढंच येतं, ८ पर्यंत. लागतं किती ते आधी काढायला हवं. दोघं एकत्र जातात असं धरू: १२ ÷ ५ = २.४. वरच्याला २.४ त्वरण द्यायला २ × २.४ = ४.८ बल लागेल. ४.८ हे ८ च्या आत, म्हणजे धरलेलं खरं निघालं. घर्षण ४.८.

"मामा, मग तो ०.४ दिलाय कशाला? वापरलाच नाही की."

वापरला, तपासायला. हे उत्तर तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर तोंडातून निघाल्यावर मलाही ते पळवाटेसारखं वाटलं. गणितात दिलेला आकडा समीकरणात बसवायचा असतो, ही सवय आपल्या हाडीमांशी खिळलेली. इथे तो आकडा कुंपणासारखा आहे. आत असाल तोवर त्याचं काही काम नाही.

६ जून

दिशेचा घोळ. "घर्षण गतीला विरोध करतं" हे वाक्य आपण सगळेच पाठ करून मोठे झालो, आणि या प्रकरणात ते हमखास दगा देतं. परवाच्या उदाहरणात वरचा ठोकळा पुढे जातो. त्याला हात कोणी लावलेला नाही, दोरी बांधलेली नाही. आडव्या दिशेनं त्याच्यावर बल एकच, घर्षणाचं, आणि तेच त्याला पुढे नेतं. विरोध कुठे आहे?

विरोध आहे तो दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून सरकण्याला. भाचीसाठी युक्ती काढली: क्षणभर मधे तेल ओतलंय असं समज. आता कोण कुठे सरकेल? खालचा पुढे जाईल, वरचा जागीच राहील, म्हणजे खालच्याच्या नजरेतून तो मागे घसरेल. घर्षण हे होऊ देत नाही, म्हणून वरच्यावर ते पुढे आणि खालच्यावर तेवढंच मागे.

प्रत्येक ठोकळ्याची वेगळी आकृती काढायची, दोन्ही ठोकळे एकाच चित्रात कोंबायचे नाहीत. हा नियम तिला नव्हे, मला लागू. मी आळशीपणानं एकच चित्र काढतो आणि मग खालच्यावरचं उलटं घर्षण विसरतो.

७ जून

आजचा प्रश्न मला स्वतःला आवडला. जोडी तीच, पण ओढायचं वरच्याला. दोघं एकत्र राहतील असं जास्तीत जास्त बल किती?

खालच्याला ओढताना: वरच्याला घर्षणानं मिळणारं जास्तीत जास्त त्वरण ८ ÷ २ = ४, म्हणून बल ५ × ४ = २०.

वरच्याला ओढताना: खालच्याला पुढे नेणारं काय? फक्त घर्षण, कमाल ८. त्याचं त्वरण ८ ÷ ३ = २.६७. म्हणून बल ५ × २.६७ = १३.३३.

ठोकळे तेच, पृष्ठभाग तेच, घर्षणाची कमाल तीच. तरी एकीकडे २० आणि एकीकडे १३.३३. ज्याला ओढत नाही तो घर्षणाच्या भरवशावर असतो, आणि तो जड असेल तर भरवसा लवकर संपतो. गुणोत्तर पाहिलं तर २० ÷ १३.३३ = १.५, म्हणजे नेमकं वस्तुमानांचं ३ ÷ २. अक्षरं घालून करून पाहिलं, नेहमी असंच येतं.

पाठ करायची सूत्रं म्हणून ही दोन्ही लिहून ठेवणार होतो. नाही लिहिली. जमिनीला घर्षण आलं की दोन्ही मोडतात.

९ जून

लाकूडकामाचा दिवस. फळी, दोन ठोकळे, कोन मोजायला फोन. फळी हळूहळू उचलायची, ठोकळा सुटतो तो कोन टिपायचा; त्या कोनाची टॅन्जंट म्हणजे स्थितिक गुणांक. ठोकळ्याचं वजन लागत नाही, हे या पद्धतीचं सुख.

दहा वेळा केलं. सगळ्यात कमी २०°, सगळ्यात जास्त २५°, बहुतेक २३° च्या आसपास. म्हणजे ०.३६ ते ०.४७, मधे कुठेतरी ०.४२. वहीतला ०.४ अंदाजपंचे होता, नशिबानं जवळ आला. गतिकसाठी फळीला टिचकी मारत गेलो. सुमारे १८° ला ठोकळा टिचकीनंतर साधारण एकाच वेगानं घसरत राहिला, म्हणजे ०.३२.

दहा वाचनांमध्ये एवढा फरक का? हाताचा घाम, फळीवरची धूळ, लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेनं आहेत ते. शिवाय ठोकळा फळीवर बराच वेळ तसाच राहिला की जरा उशिरा सुटतोय असं वाटलं. हा भास नसावा. कूलॉमनं अठराव्या शतकात लाकडावर प्रयोग केले तेव्हा त्यालाही थांबण्याचा वेळ वाढला की स्थितिक घर्षण वाढताना दिसलं होतं. उदाहरणांच्या पुस्तकात ०.४० असं दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेलं असतं, ते पाहून यापुढे थोडं हसू येईल.

१० जून

क्षेत्रफळाची परीक्षा. ठोकळा आडवा, मग उभा. सुटण्याचा कोन त्याच पट्ट्यात. हे ऐकून माहीत होतं, तरी स्वतः मोजताना विचित्र वाटतंच, कारण मन म्हणतं की जास्त जागा टेकली तर जास्त चिकटेल.

लिओनार्दो दा विंचीनं ठोकळे आडवे-उभे ठेवून हेच पाहिलं होतं, पण ते त्याच्या वह्यांतच राहिलं. १६९९ मध्ये आमोंतोंनं फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे पुन्हा मांडलं: घर्षण भाराच्या प्रमाणात, क्षेत्रफळाशी संबंध नाही. कारण विसाव्या शतकात बोडन आणि टेबर यांच्या कामातून स्पष्ट झालं. गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागसुद्धा फक्त टोकाटोकांवर टेकतात. खरी टेकलेली जागा दिसणाऱ्या जागेचा अगदी छोटा अंश असते आणि ती भारानुसार वाढते. ठोकळा उभा केला की टोकं कमी होतात, पण प्रत्येकावर भार वाढतो, ती जास्त चेपतात. हिशोब बरोबरीत.

भाग दुसरा फसला. उभ्या ठोकळ्याला वरून दोरी बांधून काटा लावून ओढला, तर सरकायच्या ऐवजी तो आडवा झाला. तीनदा. रुंदी ४ सेंमी, दोरी ८ सेंमी उंचीवर. नंतर हिशोब केला: सरकायला वजनाच्या ०.४ पट बल हवं, त्याचं कोलमडवणारं आघूर्ण (बल गुणिले अंतर) ०.४ × ८ = ३.२, वजनाचं सावरणारं आघूर्ण रुंदीच्या निम्म्यावर, म्हणजे २. सरकायच्या आधीच उलटणार, हे उघड होतं. दोरी ३ सेंमीवर आणली (०.४ × ३ = १.२) आणि ठोकळा निमूट सरकला. उदाहरणांतले ठोकळे कधी उलटत नाहीत, कारण त्यांना उंचीच नसते.

१२ जून

खालच्याला २५ नं ओढणे. २० च्या वर, म्हणजे घसरणार. आता मात्र घर्षण ठरलेलं, ६. वरच्याचं त्वरण ३, खालच्याचं १९ ÷ ३ = ६.३३. खालचा पुढे, वरचा मागे राहतो. चित्र शहाणं आहे.

पुढचा प्रश्न: वरचा ठोकळा खालच्याच्या मागच्या कडेपासून ०.६ मीटरवर होता, तर किती वेळात पडेल? सापेक्ष त्वरण ६.३३ − ३ = ३.३३. वेळेचा वर्ग = १.२ ÷ ३.३३ = ०.३६, वेळ ०.६ सेकंद.

इथे भाचीला विचारलं, "तेवढ्यात वरचा जमिनीच्या हिशोबानं कुठे गेला?" ती म्हणाली, मागे. मागे पडला ना! नाही. ०.५ × ३ × ०.३६ = ०.५४ मीटर पुढे. खालचा १.१४ मीटर पुढे गेला, फरक ०.६. वरचा एक क्षणही मागे गेलेला नाही. टेबलावरचं कापड झटक्यात ओढून वरच्या वस्तू जागच्या जागी ठेवायची करामत हीच. वस्तूंवर घर्षण तेव्हाही पुढेच असतं, पण कापड इतक्या लवकर निसटतं की त्या बलाला काम करायला वेळच मिळत नाही. कापड अजून जोरात ओढलं म्हणून वस्तूवरचं बल वाढत नाही. गतिक घर्षण तेवढंच राहतं, फक्त त्याची मुदत कमी होते.

१५ जून

तीन ठोकळे. इथे मी चांगलाच आपटलो, म्हणून सविस्तर.

वरचा १ किलो, मधला २, खालचा ३. वरच्या जोडावर (वरचा-मधला टेकतात तिथे) गुणांक ०.३, खालच्या जोडावर (मधला-खालचा) ०.२, स्थितिक-गतिक एकच धरले. जमीन गुळगुळीत. मधल्याला ओढायचं. कुठला जोड कधी सुटेल?

वरच्या जोडाची कमाल ०.३ × १० = ३. खालच्या जोडावर वरच्या दोघांचा भार आहे, म्हणून ०.२ × ३० = ६. (पहिल्यांदा ०.२ × २० लिहिलं होतं. मधल्याच्या डोक्यावर कोणी बसलंय हे विसरून. खोडलं.)

तिघं एकत्र असतील तर त्वरण = बल ÷ ६. वरच्याला लागणारं घर्षण १ × त्वरण, ते ३ पर्यंत चालेल, म्हणजे बल १८ पर्यंत. खालच्याला लागणारं ३ × त्वरण, ते ६ पर्यंत, म्हणजे त्वरण २, बल १२ पर्यंत. तेव्हा आधी खालचा जोड सुटेल १२ ला, आणि वरचा १८ ला. वहीत तसं लिहून चौकट काढली, पेन खाली ठेवलं.

रात्री लक्षात आलं की १८ चुकीचा आहे.

१८ काढताना तिघं एकत्र आहेत असं धरलं होतं. पण १२ च्या पुढे तिघं एकत्र नाहीतच! खालचा मागे सुटलाय, तो आता २ या त्वरणानं आपला चाललाय आणि मधल्याला मागे फक्त ६ नं ओढतोय. वरचे दोघं मिळून ३ किलो: त्वरण = (बल − ६) ÷ ३. हे ३ झालं की वरचा जोड सुटणार, म्हणजे बल १५. पडताळा: १५ ला मधला-वरचा मिळून ९ ÷ ३ = ३, बरोबर. खालचा तोवर २ वरच.

एक जोड सुटला की उरलेल्यांचं गणित पहिल्यापासून मांडायचं. पहिल्या मांडणीतून दुसऱ्याचं उत्तर ओढून आणलं की असा १८ पदरात पडतो. मला वाटतं ही चूक घर्षणाच्या दिशेच्या चुकीपेक्षा जास्त फसवी आहे, कारण इथे उत्तर वेडं दिसत नाही. १८ अगदी सभ्य आकडा आहे.

१६ जून

कालचं भाचीला दाखवलं. तिला चौकटीतला खोडलेला १८ सगळ्यात जास्त आवडला.

१८ जून

प्रोग्राम. नुसता वेळेनुसार पावलं टाकत जाणारा: प्रत्येक पावलाला बलं काढ, त्वरण काढ, वेग वाढव. घर्षणासाठी सरळ नियम लिहिला: खालचा वरच्यापेक्षा जलद असेल तर वरच्यावर +६, हळू असेल तर −६, वेग सारखे असतील तर ०.

मग पहिलंच उदाहरण दिलं, खालच्याला १२. उत्तर ४.८ यायला हवं. पाऊल १/६४ सेकंदाचं. घर्षणाच्या रकान्यात आलं:

०, ६, ६, ६, ६, ०, ६, ६, ६, ६, ०, ६ …

हसावं की रडावं. वेग सारखे झाले की घर्षण गायब, खालचा ४ च्या त्वरणानं निसटतो. मग चार पावलं ६ चं घर्षण त्याला गाठून देतं. वेग पुन्हा सारखे, पुन्हा गायब. ठोकळे चाललेत कसले, उचक्या देतायत. गंमत म्हणजे पाच पावलांची सरासरी काढली: २४ ÷ ५ = ४.८. बिचारा प्रोग्राम बरोबर उत्तराभोवतीच घुटमळत होता, त्याला ते म्हणता येत नव्हतं.

चूक त्याची नाही. त्याला मी वेगावरून घर्षण ठरवायला सांगितलं होतं, आणि वेग सारखे असताना वेगावरून काहीच ठरत नाही. तेव्हा घर्षण ठरतं ते बाकी सगळ्या बलांवरून: एकत्र राहायला किती लागेल? म्हणजे ४ तारखेला भाचीला जे सांगून मी स्वतःच समाधानी नव्हतो, तेच प्रोग्रामला सांगावं लागलं. वेग सारखे असतील तर आधी एकत्र धर, लागणारं घर्षण काढ, कमालीशी ताड. आत असेल तर तेच घे, बाहेर गेलं तरच घसरू दे.

दुरुस्तीनंतर रकाना: ४.८, ४.८, ४.८. कालपरवाचे तीन ठोकळेही दिले. त्यासाठी प्रत्येक जोडाच्या तीन शक्यता (चिकटलेला, पुढे घसरणारा, मागे घसरणारा), दोन जोडांच्या नऊ. प्रत्येक सोडवून जी स्वतःशी सुसंगत निघेल ती ठेवायची. वरचा जोड १५ ला सुटला. १८ चा मागमूस नाही.

२० जून

उतरण. जोडी तीच, उतरण गुळगुळीत, दोघं एकत्र सोडले. मधलं घर्षण? भाचीनं कोसाइन वगैरे घेऊन अर्धं पान भरलं. उत्तर शून्य. दोघांनाही गुरुत्व सारखंच त्वरण देतंय, कोणाला कोणाची मदत लागत नाही.

उतरणीला ०.२ चं घर्षण असेल आणि जोडी घसरत असेल तर मात्र खालचा अडखळतो, वरचा पुढे निघू पाहतो, म्हणून वरच्यावर घर्षण वरच्या दिशेनं. किती लागतं ते काढलं तर मधला गुणांक निदान ०.२ हवा एवढंच येतं. कोन आणि वस्तुमानं दोन्ही गळून पडतात. मधला जोड उतरणीपेक्षा खरखरीत असला की काम झालं.

२१ जून

कप्पीचं एकच केलं. भिंतीला कप्पी, दोरीनं वरचा आणि खालचा जोडलेले, खालच्याला एकसारख्या वेगानं ओढायचं, जमीन गुळगुळीत. खालचा पुढे तर वरचा मागे. दोरीतला ताण ६, कारण वरच्यावर घर्षण ६. खालच्याला मागे खेचणारे दोन: घर्षण ६ आणि दोरी ६. म्हणून बल १२. सहा लिहिणारा दोरीचं दुसरं टोक विसरतो.

२४ जून

शेवटचं, मुद्दाम राखून ठेवलेलं. जोडी तीच, पण आता जमिनीलाही घर्षण: गुणांक ०.२, स्थितिक-गतिक एकच. जमिनीवर भार ५०, म्हणून कमाल १०. वरच्याला १०० नं ओढलं तर खालच्याचं त्वरण किती?

भाचीनं पेन उचललंच नाही. "वरचा त्याला जास्तीत जास्त आठनं ओढणार. जमीन दहापर्यंत धरते. तो कशाला हलेल?"

"आणि हजारनं ओढलं तर?"

"तरी तोच आठ ना. तेही सुटायच्या आधी. सुटल्यावर सहाच."

मग जमिनीचं घर्षण किती, विचारलं. ती थांबली. दहा म्हणणार होती, असं ओठांवरून वाटलं. तीन आठवड्यांपूर्वी दोघांनीही १० लिहिलं असतं, आणि खालचा ठोकळा (६ − १०) ÷ ३ नं मागे पळाला असता, कोणी ढकललेलं नसताना.

प्रोग्राम लावला. वरच्याला ७, ७.९, ८.१ आणि १०० नं ओढलं. जमिनीच्या घर्षणाचा रकाना:

७, ७.९, ६, ६

"ओढ वाढवली आणि खालच्याला कमीच लागलं?"

तिनं पुन्हा वाचलं, मग ७.९ आणि ६ च्या मधे पेन्सिलीनं उभी रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: इथे वरचा सुटला.